स्फटिकातला ‘दोष’ आणि धातूची ताकद

विचारणा अशी आहे: धातू वाकताना आत काय घडते याच्या संगणकीय प्रारूपांवरील एका मराठी लेखात ‘दोषांची घनता वाढल्याने तांब्याची ताकद वाढली’ असे वाक्य आहे. दोष वाढले तर ताकद घटायला हवी. मग भाषांतर चुकले आहे का, आणि ‘दोष’ऐवजी दुसरा शब्द घ्यावा का?

वाक्य चुकलेले नाही. घोटाळा होतो तो ‘दोष’ शब्दाच्या रोजच्या अर्थामुळे. यंत्राच्या भागात दोष निघाला की तो भाग टाकाऊ ठरतो. स्फटिकातला दोष मालाचा नसून मांडणीचा असतो. अणूंची रांग जिथे अखंड आणि एकसारखी राहिलेली नाही, ती जागा म्हणजे दोष. एखादी जागा रिकामी राहणे, परका अणू घुसणे, अणूंचा थर मध्येच संपणे हे सगळे त्यात आले. वापरातल्या प्रत्येक धातूत असे दोष असतातच.

त्यांचे काम मात्र दुहेरी आहे. निर्दोष स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकवायला किती जोर लागेल याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडला. शुद्ध धातूंचे स्फटिक प्रत्यक्षात त्याहून हजारो पटींनी कमी जोरात सरकतात. याचा उलगडा १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे केला: अख्खा थर एकदम सरकत नाही, मध्येच संपलेल्या थराची कड एकेक रांग पुढे जाते. या कडेलाच ‘स्थानभ्रंश’ (dislocation) म्हणतात. म्हणजे या दोषामुळे धातू मऊ होतो! पण अशा कडा फार झाल्या की त्या एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. भट्टीत मऊ केलेली तांब्याची तार सहज वाकते. तीच एका जागी उलटसुलट वाकवत राहिलात तर ताठर होते, आणि लाल होईपर्यंत तापवली की पुन्हा मऊ. मऊ धातूच्या एक चौरस सेंटिमीटर छेदात अशा कडा साधारण दहा लाख ते एक कोटी असतात, खूप ठोकलेल्या धातूत त्या एक लाख कोटींपर्यंत जातात. लेखातले वाक्य याच अवस्थेबद्दल आहे.

म्हणून ‘दोष’ राहू द्यावा असे माझे मत आहे. ‘त्रुटी’ म्हटले की काहीतरी कमी पडल्यासारखे वाटते, आणि जादा घुसलेल्या अणूला ते लागू पडत नाही. ‘खोट’ हा सुंदर शब्द ओतकामातल्या पोकळीसाठी किंवा भेसळीसाठी राखून ठेवावा. मात्र लेखकाने नुसते ‘दोष’ न लिहिता ‘स्फटिकदोष’ लिहावे, आणि शक्य तिथे दोषाचा प्रकारही सांगावा. वरच्या वाक्यात ‘स्थानभ्रंशांची घनता’ असते तर प्रश्नच उद्भवला नसता.

या ‘स्थानभ्रंशा’साठी काही जण ‘विस्थापन’ वापरतात. ते मला अजिबात पटत नाही. शाळेच्या भौतिकशास्त्रात ‘विस्थापन’ म्हणजे वस्तूने जागा किती आणि कोणत्या दिशेने बदलली ते. अणुपातळीवरच्या प्रारूपात प्रत्येक अणूचे विस्थापन मोजतात, आणि शेजारच्या अणूंची मांडणी तपासून स्थानभ्रंश कुठे आहे ते शोधतात. दोन्हींना एकच शब्द दिला तर परिच्छेद वाचता येणार नाही.

धातू अनेक छोट्या स्फटिकांचा, म्हणजे ‘कणां’चा बनलेला असतो; दोन कणांमधल्या हद्दीसाठी (grain boundary) ‘कणसीमा’ चालेल, फक्त ‘कण’ इथे सुटा नसतो हे लक्षात ठेवावे. शेजारचे कण एकाच धातूचे, एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात; फरक असतो तो अणूंच्या रांगांच्या दिशेत. दिशा बदलली की सरकणारा स्थानभ्रंश सीमेवर अडतो. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांच्या नियमानुसार कणाचा व्यास चौथ्या हिश्श्यावर आणला की कणसीमांमुळे मिळणारी ताकद दुप्पट होते. ‘सीमा’ या शब्दाने जाडी नसलेली रेघ डोळ्यांसमोर येते, प्रत्यक्षात तो काही अणूंच्या जाडीचा विस्कळीत थर असतो. कण मोठे असताना याने काही बिघडत नाही. पण १० ते २० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखाली अणूंचा मोठा वाटा या थरातच जातो, कण सीमेवरून एकमेकांना घासून सरकू लागतात आणि धातू पुन्हा मऊ पडू शकतो. अशा कणांबद्दल लिहिताना मी ‘सीमाथर’ लिहीन.