वाचकांचे प्रश्न : आकडेमोडीचे वैद्यकातले काम

प्रश्न : माझ्या मुलीने लातूरला राहून दोनदा नीट दिली, पण वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही. आता ती संख्याशास्त्र घेऊन पुढे जीवसांख्यिकी (आरोग्याच्या अभ्यासातले संख्याशास्त्र) आणि साथरोगशास्त्र (साथीचे असोत वा नसोत, रोग लोकांत कोणाला, किती व का होतात याचा अभ्यास) शिकायचे म्हणते. उपचार तर डॉक्टर करतात, मग संशोधनात या लोकांचे काम काय? – एक पालक, औसा

उत्तर : तुमच्या शेजारच्या, आता धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यातच याचे उत्तर आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणती तपासणी स्त्रियांचे प्राण वाचवते, हे पाहण्यासाठी १९९९ पासून तेथील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले गेले : एकात या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात केवळ माहिती व नेहमीची आरोग्यसेवा. एकाच गावातल्या स्त्रियांचे राहणीमान बरेचसे सारखे असते, त्यामुळे गावेच्या गावे वाटायची झाल्यास किती स्त्रिया लागतील, याचा हिशेब आधीच बसवावा लागतो. माझ्या मते संख्याशास्त्रज्ञाचे खरे काम इथेच, म्हणजे पहिली स्त्री तपासली जाण्यापूर्वीच सुरू होते.

आठ वर्षांनी या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले, तेव्हा चौथ्या गटात ६४, पेशी-तपासणीच्या गटात ५४, डोळ्यांनी पाहणीच्या गटात ५६ आणि एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ आढळले. ६४ वरून ५४ हीसुद्धा घटच दिसते. परंतु एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगते, आणि ३४ चे मात्र तसे नाही. हा भेद न ओळखता धोरण आखले, तर पैसा आणि आयुष्ये दोन्ही वाया जातात. मुळात हे मृत्यू अचूक मोजता यावेत, म्हणून गावोगाव फिरून नोंदी ठेवाव्या लागतात, आणि ते साथरोगशास्त्राचे काम आहे.

चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे कठोर टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. तुलना कोणाशी करायची, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही.

मुलीला अवश्य शिकू द्या. मात्र संख्याशास्त्राबरोबर जीवशास्त्राचा अभ्यास तिने सोडू नये, आणि सुटीत एखाद्या आशाताईंसोबत चार घरे फिरून नोंदवही कशी भरली जाते, हेही पाहावे.