पाळीव उंदीर शिंकतोय, औषध कधी सुरू करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दीड वर्षाचा नर आठवडाभर शिंकतोय, नाकाशी लाल डाग दिसतात, खाणंपिणं ठीक आहे. घरात मागच्या पावसाळ्यातल्या डॉक्सीच्या कॅप्सूल पडून आहेत, त्यातली द्यावी का?

कॅप्सूलचं आधी सांगतो. ती देऊ नका. डॉक्सीसायक्लिन हे उंदरांच्या छातीच्या आजारावरचं नेहमीचंच औषध आहे, त्यामुळे तुमचा अंदाज काही अगदीच वावगा नाही. पण पावसात साचलेल्या पाण्यातून चालत घरी आल्यावर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने आपण घेतो ती कॅप्सूल १०० मिलिग्रॅमची असते. उंदराचा प्रचलित डोस किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तुमचा गडी ४०० ग्रॅमचा धरला तर एका वेळी २ मिलिग्रॅम, म्हणजे एका कॅप्सूलचे पन्नास भाग. त्या चिमूटभर पुडीचे पन्नास सारखे भाग कोण पाडणार? डॉक्टर वजन करून पातळ औषध लिहून देतात ते याचसाठी.

आता मूळ मुद्दा. पाळीव उंदरांच्या श्वसनाच्या दुखण्यामागे बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू असतो. तो आईकडूनच पिल्लांत येतो आणि दुकानातून आणलेल्या जवळजवळ प्रत्येक उंदरात मुक्कामाला असतो. औषधाने तो दबतो, कायमचा जात नाही. म्हणून प्रत्येक शिंकेला अँटिबायोटिक द्यायला लागलात तर दोन-तीन वर्षांचं त्याचं सगळं आयुष्य औषधातच जाईल, आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध चालेनासं होईल. दुसऱ्या बाजूला, उंदीर हा शिकार होणारा प्राणी. आजार लपवण्यात पटाईत. ‘अजून खातोय ना’ म्हणून थांबलात तर कधीकधी फार उशीर होतो.

मी शिंका मोजत बसत नाही. श्वास आणि वजन बघतो.

नुसत्या शिंका, बाकी उड्या मारणं, खाणं, भांडणं चालू: औषध नाही, आधी पिंजरा आणि खोली सुधारायची. शिंकांबरोबर छातीत आवाज, लाल डाग रोजच्या रोज, केस पिंजारलेले, पाठीला पोक किंवा वजनात घट, यातलं काहीही दिसलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टर. आणि श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील, तोंड उघडून श्वास चालला असेल, कान-पाय निळसर किंवा पांढरट पडले असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. उंदीर श्वास नाकानेच घेतो. त्याने तोंड उघडलं याचा अर्थ तो संकटात आहे.

तुमच्या उंदराच्या बाबतीत ‘नाकाशी लाल’ हे किती वेळा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचा लाल रंग पाझरतो, तो नाकातूनही उतरतो. शंका असेल तर डाग टिपलेला कापूस नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा, पॉर्फिरिन लालसर चमकतं. (कापूसच धरा, उंदराच्या डोळ्यांवर दिवा मारू नका.) झोपेतून उठल्यावर थोडंसं दिसलं आणि त्याने स्वतःच पुसून टाकलं तर चालतं. पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला दिवसभर तांबूस डाग राहत असतील तर त्याला बरं नाही. सुदृढ उंदीर तोंड धुण्यात आळस करत नाही.

आवाज ऐकायला त्याला मोबाईलसारखा कानाला लावायचा, कुशीची बाजू आपल्या कानाकडे. निरोगी छातीत जवळजवळ काही ऐकू येत नाही. घरघर, बारीक शिट्टी किंवा ओली खरखर आली की माझ्या मते वाट बघणं संपलं. हे पंखा बंद करून, तो अर्धवट झोपेत असताना करा. त्याच वेळी स्लो मोशनमध्ये कुशीचा व्हिडिओ घ्या. शांत असलेल्या उंदराचे श्वास मिनिटाला साधारण ७० ते ११५ असतात, नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत. हाच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायचा, कारण दवाखान्यात घाबरलेला उंदीर धापाच टाकतो. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. डब्यात थोडे पोहे टाकले की तो स्थिर बसतो.

खोलीचं मुंबईत जरा जास्तच बघावं लागतं. पावसात खिडक्या बंद, आत कपडे वाळत घातलेले, कोपऱ्यात ओल, गणपतीत धूप-उदबत्ती आणि कापूर, संध्याकाळी डासांची कॉइल. या सगळ्यात पिंजरा त्याच खोलीत. मग मुताचा अमोनिया साचतो. अमोनियाने मायकोप्लाझ्माचं दुखणं बळावतं हे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर १९७० च्या दशकातच दिसून आलंय. माणसाच्या नाकाला वास आला म्हणजे पिंजऱ्यात तळाशी असलेल्या उंदराला तो कधीचाच त्रास देतोय. पाइन किंवा देवदाराचा भुसा काढून टाका, कागदाचे तुकडे किंवा जुने सुती कपडे घाला आणि ओला भाग रोज बदला. फिनाईलने पुसू नका. नव्याने आणलेला उंदीर पहिला आठवडा-दोन आठवडे शिंकतो तेही बऱ्याचदा जागा बदलल्यामुळे.

औषध सुरू झालंच, तर डॉक्टर बहुधा डॉक्सी एकटी किंवा एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या जोडीने देतील. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जंतूच्या पेशीभित्तिकेवर (बाहेरच्या कवचावर) घाव घालतं, मायकोप्लाझ्माला ती नसतेच, त्यामुळे ते त्याच्यावर चालत नाही. ते लिहून दिलं असेल तर कशासाठी, हे खुशाल विचारा. वर दुसरा संसर्ग असू शकतो. औषध पाण्याच्या बाटलीत मिसळू नका. कडू लागल्याने तो पाणीच कमी पितो आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. दही, श्रीखंड, पनीर यातूनही नको, कॅल्शियमला चिकटून दोन्ही औषधं वाया जातात. उकडलेल्या रताळ्याची बोटभर गोळी करा, आधी रिकामी खिलवून सवय लावा. नाहीच खाल्लं तर बिनसुईची एक मिलीची सिरिंज, गालाच्या बाजूने, थेंब-थेंब. कोर्स सहसा दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त चालतो आणि चौथ्या दिवशी बरा दिसला म्हणून थांबवायचा नसतो. चार-पाच दिवसांत काडीचाही फरक नसेल तर परत जा. म्हाताऱ्या उंदरात हृदयाच्या दुखण्यानेही अशीच धाप लागते, त्यावर अँटिबायोटिक कितीही दिलं तरी उपयोग नाही.

दीड वर्षाचा आहे म्हणजे तसा मध्यमवयीन, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आज रात्री छाती ऐकली असती आणि आवाज असेल तर उद्याची वेळ घेतली असती. मुंबईत कुत्री-मांजरं बघणारे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, उंदीर हाताळणारे थोडे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो की जवळचा दवाखाना, निघण्याआधी फोन करून ‘लहान प्राणी बघणारे डॉक्टर आज आहेत का’ एवढं विचारा. त्याला हवेशीर डब्यात कापड घालून न्या. सोबत जोडीदार उंदीर असेल तर दोघांनाही न्या, छाती त्याचीही ऐकून होईल.