यांगत्सीच्या मुखाकडील शहरे : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पूर्व चीनमधील शहरांवरील तुझ्या प्रबंधाचा आराखडा लक्षपूर्वक वाचला. शांघाय, नानजिंग, सुझोऊ, हांगझोऊ आणि निंगबो यांना तू एकेक प्रकरण दिले आहेस आणि प्रत्येक प्रकरणाचे भूगोल, इतिहास व अर्थव्यवस्था असे तीन भाग पाडले आहेस. ही मांडणी तू सोडून द्यावीस, असे माझे स्पष्ट मत आहे. ही पाचही शहरे परस्परांच्या जवळ, पाण्याने जोडलेल्या एकाच प्रदेशात वसलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाची भरभराट अनेकदा दुसऱ्याची वाट बंद झाल्यामुळे झाली आहे. त्यांना वेगवेगळ्या खणांत ठेवले, की हा कार्यकारणभाव दिसेनासा होतो. माल कोणत्या काळी कोणत्या पाण्याने कुठे जात होता, हा एकच प्रश्न हाती धरून सगळा प्रबंध लिही.

आरंभ यांगत्सीपासून कर. सुमारे ६,३०० किलोमीटर वाहत आलेल्या या नदीने आणलेल्या गाळावरच शांघायची बहुतांश भूमी उभी आहे. जुने शांघाय मात्र यांगत्सीच्या काठावर वसलेले नाही; तिच्या मुखाजवळ तिला मिळणाऱ्या हुआंगपू या लहान नदीच्या काठी ते वाढले. गाळाच्या या मऊ भूमीची किंमत शहराने पुढे मोजली. विसाव्या शतकात कारखान्यांसाठी भूजलाचा उपसा वाढत गेला, तशी जमीन खचू लागली आणि काही भागांत ती दोन मीटरांहून अधिक खाली गेली. १९६० च्या दशकात उपशावर बंधने आली आणि जमिनीत पाणी परत भरण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा कुठे खचण्याचा वेग आटोक्यात आला. गगनचुंबी इमारतींची उंची तू आराखड्यात नोंदवली आहेस, पण त्यांच्या पायाखालची ही हकीकत नोंदवलेली नाहीस.

यानंतर महाकालव्याकडे ये. सातव्या शतकाच्या आरंभी सुई घराण्याच्या यांग सम्राटाने जुन्या कालव्यांना नवे कालवे जोडून दक्षिणेचे धान्य उत्तरेकडे नेण्याची वाट तयार केली आणि पुढे युआन घराण्याच्या काळात ती थेट बीजिंगपर्यंत पोहोचली. हांगझोऊ ते बीजिंग ही कालव्याची लांबी जवळजवळ १,८०० किलोमीटर भरते. राजसत्ता व सैन्य उत्तरेत आणि तांदूळ दक्षिणेत, ही विषमता त्या कालव्यामागे होती. कालवा आणि यांगत्सी यांच्या संगमाजवळचे यांगझोऊ मिठाच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर श्रीमंत झाले, तर सुझोऊ रेशमावर. सुझोऊच्या उद्यानांचे तू केलेले वर्णन सुंदर आहे, परंतु निवृत्त अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना ती उद्याने रचण्याइतकी संपत्ती कुठून मिळाली, हे त्याच परिच्छेदात यायला हवे.

हांगझोऊ आणि निंगबो ही जोडी तर एकत्रच वाचली पाहिजे. ११२७ मध्ये सोंग घराण्याची उत्तरेतील राजधानी काइफंग शत्रूने जिंकली, दरबार दक्षिणेकडे सरकला आणि ११३८ पासून हांगझोऊ ही त्याची राजधानी झाली. पण हांगझोऊच्या उपसागरात वाळूचे उथळ पट्टे आहेत आणि छ्यांतांग नदीत भरतीची प्रचंड लाट भिंतीसारखी आत येते. त्यामुळे समुद्रावरील मोठी जहाजे निंगबोलाच थांबत आणि तिथून माल लहान नावांनी कालव्यांतून राजधानीकडे जाई. राजधानीच्या वैभवातला निंगबोचा वाटा असा पाण्याच्या खोलीने ठरला होता.

तुझ्या आराखड्यातील सर्वांत मोठी उणीव १८४२ च्या बाबतीत आहे. ब्रिटनशी झालेल्या पहिल्या अफू युद्धाच्या शेवटी नानजिंगच्या तहाने शांघाय, निंगबो, फुझोऊ, शामेन आणि ग्वांगझोऊ ही पाच बंदरे परकीय व्यापाराला खुली झाली, एवढेच तू लिहिले आहेस. चीनचा छिंग दरबार का नमला, हे त्यात नाही. त्या वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश आरमाराने यांगत्सीतून आत शिरून झेनजियांग घेतले. महाकालवा यांगत्सीला ओलांडतो ती ही जागा, आणि ती हातची गेली म्हणजे बीजिंगच्या धान्याची मुख्य वाट परक्यांच्या मुठीत गेली. त्यानंतर आरमार नानजिंगसमोर जाऊन उभे राहिले आणि २९ ऑगस्ट रोजी तहावर सह्या झाल्या. झेनजियांगचे नाव तुझ्या आराखड्यात एकदाही नाही. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा कणा तिथे आहे.

ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर त्या सह्या झाल्या, ती मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडात बांधून १८१३ मध्ये पाण्यात सोडली होती. ज्या अफूवरून हे युद्ध पेटले, तिच्यातील माळव्याच्या अफूचा मोठा भाग मुंबई बंदरातूनच चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती प्रामुख्याने चीनच्या व्यापारातली, अफूही त्यात आली, आणि त्या पैशाच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या संस्था आजही मुंबईत आहेत. ससून घराण्याचेही तसेच: डेव्हिड ससून यांचे कुटुंब मुंबईत व पुण्यात स्थिरावले, त्यांच्या मुलांनी व्यापार चीनच्या बंदरांत नेला आणि व्हिक्टर ससून यांनी १९२९ मध्ये शांघायच्या नदीकाठी बांधलेले कॅथे हॉटेल आज पीस हॉटेल म्हणून उभे आहे. मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाने हा दुवा टाळू नये. चिनी वाचकाच्या मनात १८४२ ही तारीख अपमानाची आहे, आणि तिच्यात आपल्या बंदराचाही भाग होता, हे आपण सरळ शब्दांत लिहिले पाहिजे.

शांघाय केवळ तहामुळे मोठे झाले, असे मात्र मानू नकोस. १८५३ मध्ये छिंग सत्तेविरुद्ध उठलेल्या तायपिंग बंडखोरांनी नानजिंग घेऊन तिथे आपली राजधानी केली, १८६० मध्ये सुझोऊ पडले, आणि या दोन्ही शहरांच्या परिसरातले सधन लोक जीव व पैसा घेऊन शांघायच्या परकीय वसाहतींच्या आश्रयाला गेले. याच सुमारास, १८५५ मध्ये, पीत नदीने आपले पात्र बदलले आणि शांतुंग प्रांतात महाकालवा तुटला. धान्य समुद्रमार्गे जाऊ लागले. यांगझोऊचे महत्त्व ओसरले, सुझोऊचे दुय्यम झाले आणि शांघाय वर आले; तह, बंड आणि नदी या तिघांचा हा एकत्रित परिणाम आहे.

नानजिंगवरील १९३७ च्या डिसेंबरमधील जपानी सैन्याचा नरसंहार तू ‘युद्धकालीन आर्थिक हानी’ या मथळ्याखाली दोन ओळींत संपवला आहेस. तसे करू नकोस. त्याला स्वतंत्र जागा दे आणि तिथे आर्थिक युक्तिवाद आणू नकोस.

१९४९ नंतरचा काळ तुला चांगला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६८ मध्ये नानजिंगला यांगत्सीवरील पूल झाला, आणि तोवर फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागणारी आगगाडी थेट धावू लागली. १९९० मध्ये हुआंगपूच्या पूर्वेकडील पुडोंगच्या विकासाची घोषणा झाली, आणि १९९४ मध्ये सुझोऊत सिंगापूरच्या सहकार्याने औद्योगिक वसाहत सुरू झाली. गाळ मात्र हटला नाही. मोठ्या कंटेनर जहाजांना नदीमुखाशी पुरेशी खोली मिळेना, तेव्हा शांघायने समुद्रातील यांगशान बेटांवर बंदर बांधले आणि सुमारे ३२ किलोमीटरचा पूल टाकून २००५ मध्ये ते किनाऱ्याशी जोडले. २०१० पासून कंटेनर वाहतुकीत शांघाय जगात पहिले आहे, आणि २०२४ मध्ये तिथे वीस फुटी मापाचे पाच कोटींहून अधिक कंटेनर हाताळले गेले. एकूण मालाच्या वजनात मात्र पहिला क्रमांक निंगबो-झोऊशानचा आहे, कारण तिथल्या बेटांमधले पाणी मुळातच खोल आहे आणि लोहखनिज व कच्चे तेल आणणारी अवजड जहाजे तिथे लागू शकतात. सोंग काळात निंगबोला मिळालेला लाभ अशा रीतीने वेगळ्या मापात टिकून आहे.

आजच्या हांगझोऊला मात्र हे सूत्र पुरे पडत नाही. १९९९ मध्ये तिथे स्थापन झालेल्या अलीबाबाच्या वाढीचे स्पष्टीकरण कालव्यात शोधत बसू नकोस. झेजियांग प्रांतातील लहान खासगी उद्योजकांचे जाळे तिथे अधिक उपयोगी पडेल. सूत्र कुठे तुटते ते लिहिल्याने प्रबंध कमकुवत होत नाही.

तक्त्यांबाबत एक सूचना. २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या सुमारे २.४९ कोटी होती, आणि तू ती बृहन्मुंबईशेजारी मांडली आहेस. शांघायचे प्रशासकीय क्षेत्र ६,३४० चौरस किलोमीटर आहे व त्यात शेतीही येते, तर बृहन्मुंबईचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर आहे. घनतेचा तुझा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. तो तक्ता काढून टाक.

आता पुढचे काम. ६१०, ११३८, १४२१, १८४२, १८५५ आणि २००५ या वर्षांचे सहा नकाशे एकाच प्रमाणात काढ आणि प्रत्येकावर धान्य, मीठ, रेशीम किंवा कंटेनर यांच्या वाटा दाखव. १४२१ चा नकाशा विशेष काळजीने काढ, कारण मिंग दरबार नानजिंगहून बीजिंगला गेला तेव्हा त्या कालव्यावरचा भार किती वाढला असेल, हे तिथे उमगेल. झेनजियांगचे प्रकरण सर्वांआधी लिहून नकाशांसह पाठव. मी ते लगेच वाचीन.

कळावे,
तुझा शुभचिंतक