लहान मराठी वाचनालयासाठी उबंटूवर कोहा बसवता येईल का? मराठीत शोध चालतो का?

जमेल. (कोहा म्हणजे ग्रंथालयाचा कॅटलॉग आणि देवघेव सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर.) तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या वाचनालयात सात-आठ हजार पुस्तकं आहेत, बरीचशी मराठी, थोडी गुजराती आणि इंग्रजी. देणगीत आलेला एक डेस्कटॉप आहे, उबंटू टाकता येतं एवढी लिनक्सची ओळख आहे, आणि अपेक्षा अशी की सभासद आजोबांनी मराठीत नाव टाइप केलं की पुस्तक सापडावं. मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या वाचनालयाचा कोहा सर्व्हर हौसेने सांभाळतो. माझ्या मते कोहा बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, एका दुपारचं काम. मराठी शोध मात्र आपोआप चालत नाही, तो चालू करावा लागतो. म्हणून बसवण्याबद्दल भरभर सांगतो आणि शोधाबद्दल सावकाश.

'एवढ्याशा वाचनालयाला कोहा जड नाही का होणार?' असं कुणी विचारेलच. कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी 1999 मध्ये लिहिलं गेलं, कारण तिथली जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच कोलमडेल अशी भीती होती. म्हणजे जन्मच गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी झालाय. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं सोल हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर आहे, पण त्याचा रोख कॉलेज-विद्यापीठांकडे. सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालयही आहे. मंडळाला परवान्याचा खर्च नको असेल आणि डेटा आपल्याच मशीनवर हवा असेल, तर मी कोहाच सुचवेन.

मशीनला रॅम किमान 4 जीबी हवी, 8 असेल तर निवांत. जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका, हा खर्च टाळू नका. उबंटू सर्व्हरची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती किंवा डेबियन ही दुसरी लिनक्स, दोन्ही चालतात. ग्राफिकल डेस्कटॉप नसला तरी काही अडत नाही, कारण सगळं काम ब्राउझरमधून होतं. राउटरमध्ये या मशीनला कायमचा आयपी पत्ता बांधून द्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर काउंटरवरच्या काकूंचा बुकमार्क उघडणार नाही आणि फोन तुम्हाला येईल.

आता बसवणं. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.) कोहाची स्वतःची डेबियन रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजं उतरवून घेण्याचं ऑनलाइन कोठार, आहे. तिची की आणि पत्ता सिस्टिममध्ये जोडा. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये कोहाची नवी आवृत्ती येते, पण अगदी ताजी घेण्याची घाई कशाला? रिपॉझिटरीत 'ओल्डस्टेबल' नावाने एक पायरी मागची आवृत्ती मिळते, तिच्यातले खडे बऱ्यापैकी वेचून झालेले असतात. आधी मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर आणि मग कोहा-कॉमन हे पॅकेज टाका. अपाची (वेब सर्व्हर), पर्ल (प्रोग्रामिंग भाषा), झेब्रा (शोध-इंजिन) वगैरे बाकीची वरात त्याच्यामागून येते. अपाचीचे रीराइट, सीजीआय, हेडर्स आणि प्रॉक्सी एचटीटीपी हे मॉड्यूल चालू करा.

मग ईटीसी/कोहा मधली कोहा-साइट्स डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. इथे दोन पोर्ट ठरतात: सभासदांचा कॅटलॉग, म्हणजे ओपॅक, 80 वर आणि कर्मचाऱ्यांचा भाग 8080 वर. अपाचीच्या पोर्ट्स डॉट कॉन्फमध्ये 'लिसन 8080' ही ओळ हाताने घालावी लागते. ती राहिली तर ओपॅक उघडतो पण कर्मचाऱ्यांचं पान उघडत नाही. अपाचीची डिफॉल्ट साइटही बंद करा, नाहीतर कोहाऐवजी अपाचीचं स्वागताचं पान दिसत राहतं.

यानंतर कोहा-क्रिएट, सोबत क्रिएट-डीबी हा पर्याय आणि इन्स्टन्सचं, म्हणजे तुमच्या वाचनालयाच्या कोहाचं, नाव. नाव छोटं ठेवा, रोमन लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कोहा-प्लॅक (पानं लवकर उघडावीत म्हणून असलेला भाग) चालू करा, मग कोहा-पासवर्ड ही कमांड (शेवटचा शब्द 'पासडब्ल्यूडी' असा) डेटाबेसचा पासवर्ड दाखवेल. तो घेऊन ब्राउझरमध्ये 8080 वर गेलात की वेब इन्स्टॉलर सुरू होतो. तो मार्क 21 की युनिमार्क (पुस्तकाची नोंद क्रमांक दिलेल्या फील्डमध्ये साठवण्याचे दोन प्रमाण साचे) विचारेल, तेव्हा डोळे झाकून मार्क 21 घ्या. शेवटी तो एक सुपरलायब्ररियन खातं बनवायला लावतो. रोजच्या कामाला तेच खातं वापरायचं, डेटाबेसचं नाही.

झालं. आता एक मराठी पुस्तक नोंदवा आणि शोधून पाहा. पानं उत्तम दिसतील, नोंद नीट साठवली जाईल, पण शोधाचं काही खरं नसेल. डेटाबेस युनिकोडमध्येच असतो, त्यामुळे लोक चक्रावतात. गोम अशी की कोहा शोध डेटाबेसमध्ये घेत नाही, झेब्रा नावाच्या वेगळ्या इंजिनच्या अनुक्रमणिकेत घेतो. त्या इंजिनचा मूळ अक्षरनकाशा रोमन आणि युरोपीय लिप्यांना धरून केलेला आहे, देवनागरी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्याला नीट कळत नाही. उपाय म्हणजे आयसीयू, शब्द तोडण्याची युनिकोडची पद्धत.

ईटीसी/कोहा/झेब्राडीबी/ईटीसी या फोल्डरात डिफॉल्ट डॉट आयडीएक्स ही फाइल आहे. तिच्यात 'इंडेक्स डब्ल्यू' (शब्द) आणि 'इंडेक्स पी' (वाक्यांश) असे भाग दिसतील आणि त्यांच्याखाली 'चारमॅप'ने सुरू होणारी ओळ. डब्ल्यूखालची ओळ बदलून 'आयसीयूचेन वर्ड्स-आयसीयू डॉट एक्सएमएल' करा, पीखाली 'आयसीयूचेन फ्रेझेस-आयसीयू डॉट एक्सएमएल'. मग कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये 'आयसीयू' असं शोधा, अवतरणचिन्हांबद्दलची एक सेटिंग सापडेल, तीही आयसीयूकडे वळवा. झेब्रा रीस्टार्ट करा आणि कोहा-रीबिल्ड-झेब्रा हे 'एफ' आणि 'व्ही' पर्यायांसह चालवून सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधा. आठ हजार नोंदींना फार वेळ लागत नाही. गुजरातीही याच फटक्यात मार्गी लागते. हे सगळं डेटा भरण्याआधी करा. आणि पुढे कधी अपग्रेड करताना 'ही फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी घेऊ का?' असं विचारलं गेलं तर 'नको' म्हणा, नाहीतर शोध एका रात्रीत मूळपदावर.

एवढं करूनही काही पुस्तकं लपून बसतात, आणि त्यात झेब्राचा दोष नसतो. आमच्याकडे एका प्रवासवर्णनाच्या नावात 'दऱ्या' हा शब्द होता. पुस्तक समोरच्या कपाटात, नोंद केलेली, आणि काकू टाइप करतायत तर निकाल शून्य. नोंद करणाऱ्या मुलाच्या कीबोर्डवर ते अक्षर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं उमटत होतं, तर काकूंच्या मोबाइलवर नुक्त्याच्या ऱ पासून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच: कुणी एकसंध अक्षर टाइप करतं, कुणी अ वर चंद्र काढतं. नोंदणी करणाऱ्या सगळ्यांच्या मशीनवर एकच कीबोर्ड लेआउट ठेवा, उबंटू आणि विंडोज दोन्हींत मिळणारा इन्स्क्रिप्ट घेतलात तरी चालेल. पूर्वीच्या नोंदींत भेसळ असेल तर त्या वर्ड्स-आयसीयू फाइलमध्ये एक रूप दुसऱ्यात बदलणारा नियम घालता येतो, म्हणजे शोधणाऱ्याने काहीही टाइप केलं तरी चालतं.

जुन्या पुस्तकांचं शुद्धलेखन हे आणखी एक प्रकरण. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावून ग्रंथालयांचं काम उभं केलं, त्या परंपरेमुळे बडोद्याकडच्या वाचनालयांत फार जुनी मराठी पुस्तकं निघतात. तुमच्याकडेही असतीलच. त्यांच्या मुखपृष्ठांवर 'कांहीं', 'नांव' असे 1962च्या नियमांपूर्वीचे अनुस्वार असतात. मार्कच्या 245 क्रमांकाच्या फील्डमध्ये शीर्षक जसं छापलंय तसंच ठेवा, अनुस्वारासकट. आजचं लेखन 246 मध्ये द्या, कारण ते फील्ड पर्यायी शीर्षकासाठीच आहे. मी तर 246 पुन्हा वापरून रोमन लिपीतलं नावही टाकतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली नातवंडं आजीसाठी पुस्तक शोधतात ती रोमनमध्येच, आणि इथे अशी घरं थोडीथोडकी नाहीत. या एका सवयीचा जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही.

तुमच्याकडे एक्सेलमध्ये यादी आहे म्हणता. ती युनिकोडमध्ये आहे का, हे आधी तपासा: सगळा मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा. अक्षरं मराठीच राहिली तर ठीक, कचरा दिसला तर यादी जुन्या फॉन्टमधली आहे आणि आधी रूपांतर करावं लागेल. मग मार्कएडिट या मोफत प्रोग्रामने एक्सेलचे रकाने मार्क फील्डना जोडायचे: लेखक 100, शीर्षक 245, वर्गांक 082 (मराठी साहित्य 891.46, गुजराती 891.47), साहित्यप्रकार 942. प्रत्येक प्रतीची माहिती 952 मध्ये जाते. दाखलअंक रजिस्टरमधला नंबरच बारकोड म्हणून 952च्या 'पी' उपफील्डमध्ये घाला. नवी क्रमांकमालिका काढून घोळ वाढवू नका, पुस्तकांवर तोच आकडा शाईने लिहिलेला आहे. फाइल कोहात आधी 'स्टेज' होते, म्हणजे तपासणीसाठी तात्पुरती ठेवली जाते, मग आयात होते, आणि आयात मागेही घेता येते. पहिल्यांदा वीस-पंचवीसच नोंदी घालून पाहा. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी झेड 39.50 (दुसऱ्या ग्रंथालयांचे कॅटलॉग शोधून नोंदी उतरवून घेण्याची पद्धत) वरून लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून तयार मिळतात. मराठीच्या मिळाल्या तरी बहुधा रोमन लिपीत, टिंबं-रेघांसकट, तेव्हा त्या हाताने करणंच बरं.

बारकोडच्या लेबलांवर फक्त आकडे आणि रोमन अक्षरं ठेवा. कोहाच्या लेबल-पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात.

देवघेव सुरू करण्यापूर्वी सभासद-प्रकार आणि साहित्य-प्रकार यांच्या जोडीने नियम भरावे लागतात: किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती. सुरुवातीला दोन सभासद-प्रकार आणि तीन साहित्य-प्रकार पुरे. मंडळाच्या मीटिंगमध्ये दिवाळी अंकांचे वेगळे नियम काढायचा उत्साह येईल, तो पहिलं वर्ष आवरा. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा करून घ्या. मराठी इंटरफेसचं म्हणाल तर कोहा-ट्रान्सलेट उपलब्ध भाषांची यादी दाखवतं आणि त्यातली भाषा बसवतंही. कर्मचाऱ्यांसाठी मात्र मी इंग्रजीच ठेवलंय, कारण अडलं की मदत इंग्रजी शब्दांनीच शोधावी लागते.

बॅकअप. कोहा-कॉमन रोज रात्री आपणहून बॅकअप घेतं, पण तो त्याच डिस्कवर, व्हार/स्पूल/कोहा मध्ये, आणि मूळ सेटिंगमध्ये फक्त दोन दिवसांचा ठेवतं. तो रोज दुसऱ्या मशीनवर किंवा पेनड्राइव्हवर नक्कल व्हायला हवा, आणि तो पेनड्राइव्ह रात्री वाचनालयात नको. एकदा तरी दुसऱ्या एखाद्या संगणकावर कोहा-रीस्टोर चालवून बघा, दोन फाइली लागतात, डेटाबेसची आणि सेटिंगची. सर्व्हर तळमजल्यावर ठेवणार असाल तर फेरविचार करा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं ते बडोद्यातल्या कुणालाही विचारा. (मगरी रस्त्यावर आल्या होत्या, संगणकाचं काय घेऊन बसलात.) यूपीएस हवाच. लाइट जाऊन आल्यावर 'नवीन पुस्तक नोंदवलं पण शोधात येत नाही' अशी तक्रार आली, तर कोहा-झेब्रा आणि कोहा-इंडेक्सर यांचं स्टेटस बघा. दोघांपैकी एक झोपलेला सापडतो.

ओपॅक घरबसल्या दिसावा असं पुढे वाटलं तर फक्त 80चा भाग, तोही एचटीटीपीएस लावून, बाहेर उघडा. 8080 वाचनालयाच्या आतच राहू द्या.

कुठे अडलात तर 'चालत नाही' एवढंच लिहू नका. व्हार/लॉग/कोहा मध्ये तुमच्या इन्स्टन्सच्या नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या प्लॅक-एरर आणि इंट्रानेट-एरर या फाइलींच्या शेवटच्या वीस ओळी, कोहाची आवृत्ती आणि उबंटूची आवृत्ती कमेंटमध्ये टाका. पासवर्ड तेवढे आधी खोडा.