एका पानावर पाच जण

या महिन्यातली निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावरची आहेत: वर्गात गूगल डॉकसारखं एकत्र लिहायचं साधन कसं वापरायचं? मी पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या संगणक कक्षात अकरा संगणक आहेत, त्यांतले आठ चालतात. आठवीच्या वर्गात मुलं आहेत शेहेचाळीस. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नाइलाजाने हे साधन हाती घेतलं, शाळा उघडल्यावरही ते सोडावंसं वाटलं नाही. पुढची उत्तरं याच अनुभवातून आलेली आहेत.

आठवीच्या पाच जणांच्या गटाला एका डॉकमध्ये प्रकल्प लिहायला दिला. एकाच मुलीने सगळं लिहिलं, बाकीच्यांनी फक्त नावं घातली. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीत, गुण कसे द्यायचे? व्हर्जन हिस्टरी, म्हणजे पानातल्या बदलांची नोंद, बघून दिले तर चालेल का?
*एक शिक्षक, नांदेड जिल्हा*

सर, व्हर्जन हिस्टरी जरूर बघा, पण तिच्यावरून गुण देऊ नका. मी एकदा दिले होते. काय झालं ते सांगते.

प्रकल्प होता ‘आमच्या भागातले पावसाचे शब्द’. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस घर सोडू देत नाही, त्यामुळे शब्दांना तोटा नाही. वळीव, झड, भुरभुर, रिपरिप, शिरवं, उघडीप. गटाने घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, शब्द आणि त्याचा अर्थ डॉकमध्ये लिहायचा. पंधरा दिवसांनी मी संगणकावर फाइल उघडली आणि व्हर्जन हिस्टरी काढली. तिथे प्रत्येकाने केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो, तारीख-वेळेसकट. एका गटात चार रंग होते. पाचव्या मुलाचा रंगच नाही. त्याला मी वर्गात उभं केलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “तू काय केलंस?” तो काही बोलला नाही. शेजारची मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, सगळे शब्द यानेच आणलेत. याचे आजोबा गुरं राखायचे. आम्ही नुसते टाइप केले.”

त्याच्या घरी स्मार्टफोन नव्हता. रोज शाळा सुटल्यावर पाराजवळ बसून तो सांगायचा आणि मुलगी तिच्या वडिलांच्या फोनवर लिहायची. बोट कुणाचं होतं हे हिस्टरीला कळलं, शब्द कुणाचे होते हे तिला कळायला वावच नव्हता. मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. अजूनही त्याचा तो गप्प चेहरा आठवतो.

तेव्हापासून प्रत्येक गटाच्या डॉकच्या वरच एक तक्ता करून ठेवते. ‘कोणी आणलं’, ‘कोणी टाइप केलं’, ‘कोणी तपासलं’ असे तीन रकाने. मुलं तो प्रामाणिकपणे भरतात, कारण पाचही जण तो वाचत असतात. आणि गुण देण्याआधी प्रत्येकाला जवळ बसवून एकच गोष्ट विचारते: “या पानावरचं तुझं एक वाक्य दाखव, आणि ते आधी कसं होतं ते सांग.” ज्याने काम केलंय त्याला हे सांगताना थांबवावं लागतं. गटामागे दहा-बारा मिनिटं जातात. वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन तपासण्यापेक्षा ती मला स्वस्त वाटतात.

तुमच्या गटातल्या त्या मुलीचं मात्र वेगळं आहे. तिने एका रात्रीत सगळं लिहिलं असेल, तर हिस्टरीत ते स्पष्ट दिसेल: दोन आठवडे पान कोरं, आणि शेवटच्या संध्याकाळी एकदम चार पानं. असं दिसलं तर बाकीच्या चौघांना रागावण्याआधी आपण काम कसं वाटून दिलं होतं ते बघा. ‘पाच जणांनी मिळून निबंध लिहा’ असं सांगितलं की एकच जण लिहितो. माणसंही अशीच वागतात. एकाने माहिती गोळा करायची, दुसऱ्याने पहिला खर्डा, तिसऱ्याने फक्त कमेंटमध्ये प्रश्न विचारायचे, असं ठरवून दिलं की पान हलायला लागतं. आपल्या शाळांत हस्तलिखित आणि भित्तिपत्रक निघायचं तेव्हा हेच होतं. सुवाच्य अक्षराचा एक, चित्रं काढणारा एक, मजकूर जमवणारे दोघं.

एकाच ओळीवर दोघं लिहितात तरी घोळ का होत नाही? मी निवृत्त गणित शिक्षक आहे, मला यामागची युक्ती समजून घ्यायची आहे.
*एक वाचक, सांगली*

सर, युक्ती गणितीच आहे. समजा, एका ओळीत दहा अक्षरं आहेत. सुमारे एकाच क्षणी एका मुलाने सुरुवातीला तीन अक्षरं घातली आणि दुसऱ्याने आठवं अक्षर खोडलं. पहिल्याच्या बदलानंतर ते आठवं अक्षर अकराव्या जागी गेलेलं असतं. दुसऱ्याचा हुकूम जसाच्या तसा पाळला, तर भलतंच अक्षर उडेल. म्हणून संगणक तो हुकूम आधी बदलून घेतो, ‘आठवं खोड’चं ‘अकरावं खोड’ करतो आणि मग पाळतो. पान म्हणजे बदलांची यादी, आणि प्रत्येक नवा बदल आधीच्या बदलांनुसार सरकवून घ्यायचा. ही रीत क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या दोन संगणक संशोधकांनी १९८९मध्ये मांडली. ‘ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन’ हे तिचं नाव.

दूरच्या दोघांनी एकच मजकूर बघत काम करण्याची कल्पना तर त्याहून जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकी संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर तसं करून दाखवलं होतं. गूगल डॉकचं मूळ एका छोट्या कंपनीच्या ‘रायटली’ या साधनात आहे. गूगलने ती कंपनी २००६मध्ये घेतली. समोरच्याचं अक्षर न् अक्षर उमटताना दिसू लागलं ते २०१०पासून. त्याच्या आधी, २००८मध्ये, ‘इथरपॅड’ या तशाच साधनाने ते करून दाखवलं होतं. इथरपॅड आता मुक्त आहे, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम कुणालाही घेऊन वापरता येतो. एखाद्या शाळेला ते स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतं.

हे मी आठवीला फळ्यावर अक्षरांच्या चौकटी काढून शिकवते. एक मुलगा येऊन अक्षर घालतो, दुसरा पाठमोरा उभा राहून ‘आठवं खोडा’ म्हणतो. मराठीच्या तासाला गणित आलं की मुलं जरा सावरून बसतात.

एक मात्र ध्यानात असू द्या. यंत्र अक्षरं सांभाळतं, अर्थ सांभाळत नाही. दोघांनी एकाच वाक्यात हात घातला, तर अक्षर हरवणार नाही, पण वाक्याची खिचडी होईल. एका डॉकमध्ये एका वेळी शंभरापर्यंत जण लिहू शकतात. तरी माझे शेहेचाळीस मी एका पानावर कधीच सोडत नाही. गटागटाचं पान वेगळं, आणि पानावर प्रत्येकाचा परिच्छेद ठरलेला.

मुलगी सातवीत आहे, वय बारा. शाळेने सांगितलं की गूगल खातं काढा आणि लिंक उघडा. जन्मसाल दोन वर्षं मागचं टाकून खातं काढावं का?
*एक आई, नाशिक*

नाही ताई, खोटं साल टाकू नका. आपल्याकडे स्वतःचं खातं स्वतः चालवायला किमान तेरा वर्षं लागतात. त्याखालच्या मुलासाठी पालकांना गूगलच्याच ‘फॅमिली लिंक’ या सोयीतून खातं काढता येतं, म्हणजे देखरेख तुमच्याकडे राहते. सगळ्यात बरी वाट म्हणजे शाळेनेच गूगलकडे शिक्षणसंस्थांसाठीची नोंदणी करून मुलांना शाळेची खाती देणं. त्याची प्राथमिक आवृत्ती विनामूल्य आहे. मुख्याध्यापकांना भेटून हे सुचवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये अठराच्या आतल्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. तेव्हा पालकसभेत हे विचारणं तुमचा हक्कच आहे.

वडिलांच्या खात्यातून लिहू देणं सोपं वाटतं, पण त्याच फोनमध्ये त्यांचे ईमेल, फोटो, बँकेचे निरोप असतात. आणि शिक्षिकेला नाव दिसतं वडिलांचं. ‘लिंक असलेल्या कोणालाही लिहिता येईल’ अशी सोय केली, तर खात्याशिवाय काम भागतं. पण मग डॉकमध्ये मुलांच्या नावाऐवजी ‘अनामिक’ अशा प्राण्यांची नावं दिसतात, आणि ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठे कुठे जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही. शाळेने असं केलं असेल, तर एवढं तरी मागा: काम संपल्यावर ती लिंक नुसती वाचण्यापुरती ठेवा, आणि मुलांना पानावर पत्ता, फोन नंबर लिहू देऊ नका.

आमच्याकडे नेट कधीही जातं. शिवाय जुन्या फॉन्टमधला मजकूर डॉकमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.
*एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा*

नेट असताना मोबाइलच्या डॉक अ‍ॅपमध्ये फाइलीपुढच्या तीन टिंबांवर जाऊन ती ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. नेट गेलं तरी लिहिता येतं, परत आलं की बदल आपोआप वर जातात. पावसाळ्यात आमचं कामच असं चालतं. फॉन्टचं कारण असं, की जुने फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवत आणि वर फक्त मराठी आकार दाखवत. डॉकमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून आतलं उघडं पडतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. नंतर ‘र्‍य’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास चुका राहतात. नवीन मजकूर मात्र मुलांकडून पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहून घ्या.

मुलं लिहीत असताना मला त्यांच्या चुका तिथल्या तिथे दिसतात, आणि मी लगेच दुरुस्त करतो. त्यामुळे त्यांचं शुद्धलेखन सुधारेल ना?
*एक शिक्षक, जळगाव*

सर, तुमची कळकळ मला समजते. समोर ‘पाणि’ दिसतं आणि हात शिवशिवतो. पण तुम्ही दुरुस्त केलेलं मुलाला कळतच नाही. ते दुसऱ्या दिवशी पान उघडतं, सगळं शुद्ध असतं, ते पुढे लिहू लागतं. वहीवर लाल शाई निदान दिसायची तरी. इथे चूकही गेली आणि चुकीची खूणही गेली. म्हणून एडिटिंगऐवजी सजेशनच्या पद्धतीत जा. तुमचा बदल वेगळ्या रंगात दिसतो, मूळ शब्दावर नुसती रेघ येते, आणि तो स्वीकारायचा की नाही ते लिहिणारा ठरवतो. मी तर ऱ्हस्व-दीर्घाला सजेशनही देत नाही. कमेंटमध्ये ‘या ओळीत दोन शब्द शोध’ एवढंच लिहिते.

शब्दांच्या त्याच प्रकल्पात एका मुलीने लिहिलं होतं: ‘झड म्हणजे पाऊस पडतच राहतो, दमतच नाही.’ मी रात्री घाईघाईने ते ‘झड म्हणजे सतत पडणारा पाऊस’ असं करून टाकलं. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की मी काय घालवलं. माझी व्याख्या कुठल्याही कोशात मिळाली असती. पूर्ण जुनी आवृत्ती परत आणली असती, तर इतर मुलांचं रात्रीचं काम गेलं असतं. म्हणून हिस्टरी उघडून तेवढंच वाक्य उचललं आणि जागेवर ठेवलं. खाली कमेंट लिहिली: ‘तुझं वाक्य मी खोडलं होतं, ते चुकलं. परत ठेवलंय.’

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं होतं: ‘बाई, आजीला वाचून दाखवलं. ती म्हणते, दमतच नाही असं नको, दमतच न्हाई असं लिही.’ तो बदल तिने स्वतः केला होता.