थंडीसाठी बोटीची आउटबोर्ड मोटर ठेवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली मोटर थंडीत चार-पाच महिने बंद असते. ठेवण्यापूर्वी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले होते. तरी हंगाम सुरू होताच ती फुल थ्रॉटलला चालते, पण आयडलला बंद पडते. असे का?

नळी काढून चालवले तरी कार्बोरेटर पूर्ण रिकामा होत नाही. जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाला) पुरेसे पेट्रोल मिळेनासे झाले की इंजिन थांबते, पण फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाशी थोडे उरतेच. ते उडून जाताना मागे चिकट राळ सोडते आणि ती सर्वांत बारीक भोकात, म्हणजे आयडलला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटमध्ये बसते. मोठा जेट मोकळा राहतो, म्हणून जोरात चालवताना काही जाणवत नाही. आता कार्बोरेटर उघडून जेट क्लीनरने आणि हवेने साफ करावा लागेल. भोकात तार घालू नका, भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक भानगड. ते हवेतला ओलावा ओढते आणि ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. टू-स्ट्रोकचे तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. पिकअप (पेट्रोल ओढणारे तोंड) असतो तळाशी, म्हणजे इंजिनात आधी जाते ते बिनतेलाचे पाणी.

पुढच्या वेळी ताज्या पेट्रोलमध्ये बाटलीवर दिलेल्या प्रमाणात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे द्रव्य) घाला. तेल नेहमीचेच ठेवा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. पंखा (प्रोपेलर) काढा, मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात उभी करा (पाणी इनटेकच्या, म्हणजे थंड करायचे पाणी आत घेणाऱ्या भोकांच्या, बरेच वर हवे) किंवा इनटेकवर फ्लशिंग मफ (रबरी वाट्या) बसवून नळाची होस जोडा. न्यूट्रलमध्ये १० ते १५ मिनिटे चालवा. दोन मिनिटांत उरकू नका: इंजिन तापल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही आणि सिलिंडरभोवतीचे समुद्राच्या पाण्याचे मीठ तिथेच राहते. हुडखालून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर लगेच बंद करा. कोरड्यात इंपेलरची (पाण्याच्या पंपाच्या चाकाची) रबरी पाती काही सेकंदांत जळतात.

मग नळी काढा आणि इंजिन मरायला येण्याआधी एअर इनटेकमधून फॉगिंग ऑइल (आतल्या भागांना गंजापासून वाचवणारे फवाऱ्याचे तेल) मारत राहा. पांढरा धूर दाटेल, इंजिन गुदमरून बंद पडेल. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते, त्यामुळे नुसते कोरडे चालवले तर बेअरिंग आणि सिलिंडर शेवटी उघडे पडतात. आता फ्लोट चेंबरचा तळाचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोल डब्यात घ्या. ते काचेच्या भांड्यात ओतून पाहा; तळाशी गोल थेंब सरकताना दिसले तर ते पाणी आहे. शेवटी किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५ मिली तेल सोडा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा आणि दोरी हळू चार-पाचदा ओढा. हे सगळे उघड्यावर करा, बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ साचते.

प्रश्न: फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवाल्या मोटरलाही हेच?

नाही. ती कोरडी चालवू नका. तिच्या इलेक्ट्रिक पंपाला गारवा आणि वंगण पेट्रोलचेच असते. स्टॅबिलायझर घातलेले पेट्रोल पूर्ण सिस्टिममध्ये फिरवा आणि तसेच भरलेले राहू द्या. फॉगिंग इनटेकमधून करायचे की प्लगच्या भोकातून, ते मॅन्युअल सांगेल तसे. इंजिन ऑइल आणि फिल्टर मात्र ठेवण्यापूर्वी बदला, हंगामाच्या सुरुवातीला नव्हे. वापरलेल्या तेलातला ओलावा आणि आम्ल बेअरिंगला महिनोन्‌महिने चिकटून राहतात. तेल एफसी-डब्ल्यू (बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या) मानकाचे घ्या. त्यात गंजरोधक असते.

प्रश्न: गिअर ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे निघाले. नवीन भरून ठेवले तर चालेल का?

कारण न शोधता भरलेत तर तेच होईल. आत पाणी शिरले आहे. ते गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि गिअरकेसला (गिअर असलेल्या खालच्या डब्याला) तडा जातो. पंखा काढून शाफ्टवर पाहा: गळाची नायलॉन दोरी गुंडाळली असेल तर तिनेच सील कापला. तसे नसेल तर ड्रेन (खालच्या, तेल काढायच्या) आणि व्हेंट (वरच्या, हवा सोडायच्या) स्क्रूचे वॉशर तपासा. हे स्क्रू उघडताना दर वेळी नवे वॉशर घालायचे असतात, ते सगळेच विसरतात. हवेचा हलका दाब देऊन बुडबुडे कुठून येतात ते शोधता येते. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पूड चालेल, टोचणारे तुकडे दिसले तर गिअर उघडावा लागेल.

तेल नेहमी खालून वर भरा. वरून ओतले तर हवा अडकते. व्हेंटमधून तेल बुडबुड्यांशिवाय येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावा, मग तेल भरायचा पंप काढून पटकन खालचा. पंख्याच्या शाफ्टवरच्या खाचांना (स्प्लाइन) मरीन ग्रीस लावा आणि स्प्लिट पिन नवी घाला.

प्रश्न: अँटिफ्रीझ घालावे का? आणि मोटर जमिनीवर आडवी ठेवू का?

अँटिफ्रीझची गरज नसते. आउटबोर्ड उभी केली की पाणी आपोआप निथळते, म्हणून ती स्टँडवर उभीच ठेवा. बोटीला तशीच लावलेली असेल तर पूर्ण खाली सोडा. वर उचललेल्या मोटरच्या पंख्याच्या एक्झॉस्टमध्ये पावसाचे पाणी साठून गोठते. आडवी ठेवणे भागच पडले तर आधी सगळे पाणी निथळू द्या आणि डोके (इंजिनाची बाजू) गिअरकेसपेक्षा खाली जाऊ देऊ नका, नाहीतर एक्झॉस्टमधले पाणी सिलिंडरात उतरते. छोट्या फोर-स्ट्रोकवर कोणती बाजू खाली हवी त्याची खूण असते. उलट्या बाजूने ठेवली तर तेल सिलिंडरात जाते.

प्रश्न: बॅटरीचे काय?

निगेटिव्ह आधी काढा, पूर्ण चार्ज करा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की पुन्हा चार्जला लावा. उतरलेली बॅटरी साध्या कडक थंडीतही गोठून फुटू शकते, भरलेली टिकते.