एअर सस्पेन्शन : रात्रीत गाडी बसते, दोष कुणाचा?

प्रश्न : माझी 2008 ची मर्सिडीज एस-क्लास रात्री उभी केली की सकाळी पुढची डावी बाजू पार खाली बसलेली असते. सुरू केल्यावर काही मिनिटांत उचलते. गॅरेजवाले कॉम्प्रेसर बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या गाडीला स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी बलून तोलून धरतात आणि त्यांत हवा भरणारा पंप म्हणजे कॉम्प्रेसर. गाडी उचलते, म्हणजे तो चालू आहे. मात्र गळतीमुळे त्याला वारंवार हवा भरावी लागते. तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते आणि रिले (त्याचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) चिकटला की तो जळूनच थांबतो. गळती तशीच ठेवून नवा बसवलात, तर त्याचीही हीच गत.

सपाट जागी, पूर्ण उंचीवर असताना प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजा, कारण दार उघडताच सस्पेन्शनचं कंट्रोल युनिट जागं होतं आणि उंची बदलू शकते. एकच कोपरा बसला तर त्या स्ट्रटचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बलून एकत्र असलेल्या भागाचा) रबरी बलून किंवा हवेच्या नळीचा जोड, दोन-तीन कोपरे एकदम बसले तर वॉल्व्ह ब्लॉक (कोपऱ्याकोपऱ्याला हवा वाटणारा भाग), असा संशय धरायचा. तुमच्या बाबतीत बलूनच असावा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. इतक्या वर्षांचं रबर घडीवर चिरणारच. जोडावर आणि डस्ट कव्हर सरकवून बलूनच्या घडीवर भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की चोर सापडला. कुठेच आले नाहीत तर वॉल्व्ह ब्लॉक तपासा.

स्ट्रट बदलताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली हात घालू नका. स्कॅनरने (कंट्रोल युनिटला जोडून हुकूम देणाऱ्या यंत्राने) त्या कोपऱ्याची हवा सोडा, मगच नळीचा नट हळूहळू सैल करा. जोड नवाच लावा. नवा स्ट्रट बहुधा थोडी हवा भरूनच येतो, ती काढू नका. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं : रिकाम्या स्ट्रटवर गाडीचं वजन टाकलं की बलूनची घडी वाकडी बसते आणि नवा माल लगेच फाटतो. चाक लटकत असताना स्कॅनरने हवा भरा, मग स्टँड काढून जॅकने गाडी सावकाश उतरवा. खालच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश असलेले बोल्ट गाडी आपल्या उंचीवर आल्यावरच पूर्ण कसा. शेवटी लेव्हल कॅलिब्रेशन (कंट्रोल युनिटला योग्य उंची शिकवणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. रिले मात्र सोबत बदलाच. स्वस्त वस्तू आहे. उजवा स्ट्रटही तितकाच जुना, खिसा परवानगी देत असेल तर जोडीने बदला.

प्रश्न : स्प्रिंग बसवून टाकले तर?
– तेच वाचक

उत्तर : स्प्रिंगचं किट मिळतं, पण डॅशबोर्डवर इशारा येत राहू नये म्हणून वेगळं मॉड्यूल लागतं आणि गाडीचा मऊपणा जातो. लावायचंच असेल तर एका अ‍ॅक्सलवर एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असं कधीही करू नका. बॉडी आणि इंजिन चांगलं असेल तर आमचं मत हवेच्या बाजूने. तोवर बसलेली गाडी घेऊन समृद्धी महामार्गावर निघू नका.